मुलगी ताट बाजूला सारते तेव्हा



मागच्या आठवड्यात एका भगिनीचं पत्र आलं. लेक नववीत. दोन महिन्यांपासून रात्रीची भाकरी बंद, डब्यातली पोळी तशीच परत. विचारलं तर एकच उत्तर, ‘मी जाडी दिसते!’ आई लिहिते, ‘ताई, पोरगी अंगानं अगदी बेताची आहे हो. हे खूळ शिरलं कुठून?’

उत्तरासाठी जरा लांब, फिजी बेटांवर जाऊ या. तिथं बाईचं अंग भरलेलं असणं चांगलं मानीत. कुणी रोडावली तर आप्तांना काळजी वाटे. (आपल्या आज्यांचं तरी काय वेगळं होतं? नातवंडानं सुट्टीत जरा अंग धरलं की त्यांना धन्य वाटे!) १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्यानंतर काही आठवड्यांनी, आणि पुन्हा १९९८ साली, शाळकरी मुलींना खाण्यापिण्याविषयी विचारलं. वजन उतरावं म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी पहिल्या खेपेस एकही नव्हती. तीन वर्षांनी शेकडा ११ निघाल्या. शेकडा ७४ जणींना कधी ना कधी आपण फार जाड आहोत असं वाटलं होतं. मुली साठ-पासष्टच, शिवाय दोन्ही वेळच्या निराळ्या, तेव्हा सगळं खापर टीव्हीवर फोडता यायचं नाही. पण आकडे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला, हे खरं.

आणि तो टीव्ही निदान बैठकीच्या खोलीत होता. बंद करता येई. फोन तर उशाखाली असतो, आणि मुलगी जे निरखून पाहते तेच पुन्हा पुन्हा पुढ्यात वाढतो. फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद २०२१ साली बाहेर आले. शरीराबद्दल मन खट्टू असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी खट्टू होतं, असं शेकडा ३२ मुलींनी त्यांनाच सांगितलं होतं.

फोन हिसकावून घेऊ नका. ती मैत्रिणीचा घेईल. शेजारी बसा नि तिच्याबरोबर पाहा. कंबर बारीक केलेल्या फोटोत कधीकधी मागची दाराची चौकटही वाकते, ती दोघी मिळून शोधा. नॉर्वेत तर जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या अशा फेरफार केलेल्या अंगावर तशी खूण छापावी लागते.

मात्र घरातल्या जिभेचं काय? एका लग्नात मीच भाचीला म्हणाले होते, ‘अगं, किती सुटलीस!’ तिनं हातातली जिलबी खाली ठेवली. ती जिलबी मला अजून दिसते. वयात येताना कंबर-मांड्या भरणारच, हे मला ठाऊक असूनही बोलून गेले. आपणही आरशापुढे उभ्या राहून पोटाला नावं ठेवतो, आणि मुली ऐकत असतात.

जेवल्याबरोबर मोरीचं दार लावून घेणं, सारखी चक्कर येणं, पाळी दोन-तीन महिने न येणं, यातलं काही दिसलं तर लाडीगोडी पुरे, सरळ डॉक्टरांकडे न्या. तिथं वजनाबरोबर मनाचंही सांगा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुम्ही पाळीविषयी काहीच लिहिलं नाहीत. ते आज विचारा, पण चारचौघांत नको.