गुन्हे तपास व न्यायालयातील साक्षीचे प्रशिक्षण जळकोट येथेच मिळण्याबाबत निवेदन

दिनांक : १ जुलै २०२५

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
लातूर

मार्फत : मा. प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे, जळकोट

विषय : तपास अंमलदारांचे प्रशिक्षण व निर्दोष सुटलेल्या खटल्यांचा आढावा

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जळकोट तालुक्यातील शेतकरी, व्यापारी व वकील सविनय निवेदन करतो की,

नवे तीन फौजदारी कायदे लागू होऊन आज एक वर्ष झाले. बांधावरची मारहाण असो, विहिरीवरच्या मोटारीची चोरी असो की मोबाइलवरून झालेली फसवणूक, वाडी-तांड्यावर आधी पोहोचतो तो बीटचा हवालदार. तज्ज्ञ येईपर्यंत घटनास्थळ त्याच्याच भरवशावर असते. तिथे राहिलेली चूक पुढे सरकारी वकिलालाही दुरुस्त करता येत नाही.

रक्ताने भिजलेला कपडा न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की नमुना खराब होतो. मोहोरेचा ठसा, मुद्देमाल नोंदवहीतील तारीख आणि प्रयोगशाळेची पावती जुळली नाही, की उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवले जाते. पंच फितूर झाल्यास तर सगळा भार अंमलदाराच्या साक्षीवर येतो. आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, तो कायद्याने मिळालाच पाहिजे. पण संशय कच्च्या कामातून उभा राहिला असेल तर फिर्यादीवर अन्याय होतो. अशाच कच्च्या तपासात निरपराध माणूसही अडकतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्यासह दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राचा प्रश्न आपल्या मराठवाड्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जालना विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने, मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले.

त्याआधी, ७ जानेवारी २०१४ रोजी, गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना निर्देश दिले होते : आरोपी निर्दोष सुटलेल्या प्रत्येक खटल्याची कारणे पोलीस व अभियोग विभागाच्या वरिष्ठांनी तपासावीत आणि त्यातील उणिवा प्रशिक्षणात आणाव्यात. आमच्या मागण्यांचा आधार हाच आहे.

मागण्या :

१. जळकोट ठाण्याच्या हद्दीतील मागील तीन वर्षांत निर्दोष सुटलेल्या खटल्यांची निकालपत्रे सरकारी अभियोक्त्यांसह वाचून, तपासातील उणिवांची टिपणी ठाण्यातील प्रत्येक अंमलदाराला द्यावी. पीडितांची ओळख गुप्त ठेवावी.

२. बाभळगाव येथील पोलीस प्रशिक्षण केंद्रातील प्रशिक्षकांनी दरमहा एक दिवस जळकोटला येऊन पंचनामा, चित्रीकरण व प्रमाणपत्राचा प्रत्यक्ष सराव घ्यावा. नमुने बांधण्याची पद्धत नांदेडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी दाखवावी. मुद्देमाल कारकुनालाही यात बसवावे.

३. सात वर्षे सेवा झालेल्या पदवीधर अंमलदारांना नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातील सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर तपासाचा अधिकार देण्याचा निर्णय शासनाने मे २०२५ मध्ये घेतला. त्यासाठी जळकोटच्या अंमलदारांची नावे पाठवावीत व तेवढ्या काळासाठी ठाण्याला बदली मनुष्यबळ द्यावे.

४. सरकारी अभियोक्त्यांच्या मदतीने अंमलदारांसाठी साक्ष व उलटतपासणीचा सराव ठेवावा. साक्षीदार पढवावेत, अशी आमची मागणी मुळीच नाही. अंमलदाराने स्वतःची कागदपत्रे वाचून, केले तेवढेच आणि केले तसेच सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

५. चित्रीकरणासाठी ठाण्याच्या मालकीचा मोबाइल, मेमरी कार्ड, कागदी पाकिटे व नमुने ठेवण्यासाठी शीतकपाट द्यावे. अंमलदाराच्या खासगी फोनवर पुरावा राहू नये.

६. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मधील तरतूद पाळली जाते का, याची दरमहा तपासणी व्हावी.

साधनांना निधी व नाशिकच्या जागांना वेळ लागेल, याची आम्हाला कल्पना आहे. पहिल्या मागणीला मात्र निधी लागत नाही. निकालपत्रे न्यायालयात उपलब्ध आहेत. तो आढावा तीस दिवसांत सुरू करून तसे आम्हाला लेखी कळवावे आणि उर्वरित मागण्यांचे वेळापत्रक त्यासोबत द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
जळकोट तालुक्यातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव :
१. मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, नांदेड परिक्षेत्र
२. मा. जिल्हाधिकारी, लातूर
३. मा. तहसीलदार, जळकोट