ब्रासमध्ये न मोजता येणारा थर

राज्याचे वाळू-रेती निर्गती धोरण 2025 आल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच आहे. डेपो पद्धत गेली, ई-लिलाव परत आला, घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रास मोफत द्यायचे ठरले. मग जिल्हा सर्वेक्षण अहवाल कोणी करायचा, पुनर्भरणाचा अभ्यास कोणत्या दराने करायचा आणि बिल कधी निघायचे? प्रश्न रास्त आहेत आणि आम्ही त्यांना जागा दिली आहे. पण या अहवालात एक उणीव आहे, ती बिलापेक्षा मोठी आहे आणि तिच्याविषयी एकाही पत्रात अवाक्षर नाही. केंद्राच्या 15 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेने ठरवलेल्या या अहवालात ‘भूशास्त्र आणि खनिज संपदा’ असे प्रकरण असते. पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर ते दोन वाक्यांत उरकता येते: सर्वत्र दख्खनचा बेसॉल्ट, नदीकाठी गाळ. बहुतेकदा तसेच उरकले जाते. त्या दुसऱ्या वाक्यातल्या ‘गाळ’ या शब्दाखाली मोरगावची राख गाडली गेली आहे.

मोरगावजवळचा कऱ्हेकाठचा हा टेफ्रा, म्हणजे ज्वालामुखीची राख, आपल्या वाचकांना नवा नाही. दूरच्या सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या बारामती तालुक्यात येऊन बसली. तशीच ती जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला, आंध्रात ज्वालापुरमला आणि मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात बसली. टोबाचे भूशास्त्र ज्यांना अभ्यासायचे आहे त्यांना सुमात्राइतकेच इकडे यावे लागते. कारण ज्वालामुखीच्या तोंडाशी नंतरचा उद्रेक आधीच्याला गाडतो किंवा उडवून लावतो, दूरच्या नदीगाळात मात्र राखेच्या खाली काय होते आणि वर काय साचले हे दोन्ही जागेवर राहते. मोरगाव आणि बोरीला तर याच गाळात अश्यूलियन हत्यारेही आहेत. त्यामुळे राखेचे वय म्हणजे भारतातल्या माणसाच्या जुनेपणाचा पुरावा, आणि म्हणूनच त्या वयावर एवढा वाद झाला. बोरीच्या राखेला 1989 मध्ये पोटॅशियम-आर्गॉनने सुमारे 13.8 लाख वर्षे दिली. 1995 मध्ये आर्गॉन-आर्गॉनने ती 6.7 लाखांवर आली. 1998 मध्ये काचकणांच्या रसायनावरून भारतीय द्वीपकल्पातली सगळी टोबा राख एकाच, सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मांडले गेले. 2011 मध्ये जुन्या मापनांची फेरतपासणी होऊन बोरी आणि मोरगावची राख टोबाच्या सर्वांत जुन्या टफची, म्हणजे सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीची ठरवण्यात आली.

यातले कोणते वय खरे, हा आजचा मुद्दा नाही. मुद्दा असा की हा वाद केवळ प्रयोगशाळेत सुटणारा नाही. 75 हजार आणि 8 लाख यांतला फरक उपकरणाच्या चुकीने पडत नाही. राख मूळ पडली तशीच आहे की पुराने धुऊन पुन्हा बसवली आहे, थराचा खालचा सांधा अखंड आहे की मध्ये झीज झाली आहे, हत्यारांचा खडबडीत गोट्यांचा थर राखेखाली सलग जातो की नदीने जुना गाळ कापून त्या खाचेत नवा भरला आहे, जुने बायोटाइट वा फेल्डस्पार वाटेत मिसळले का, या प्रश्नांची उत्तरे उभ्या सेक्शनमध्येच मिळतात. बाटलीत भरून ठेवलेला नमुना रसायन सांगेल. तो कशावर बसला होता हे सांगणार नाही. म्हणून ‘नमुने कधीच घेऊन झालेत, आता दरड पडली तर काय बिघडले’ हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. गेल्या काही दशकांत वय तीन वेळा हलले. हा वाद पुढे न्यायचा तर पुन्हा त्या दरडीकडे जाता आले पाहिजे.

आता कागदावर या दरडीचे काय होते ते पाहा. गौण खनिजाचे सगळे नियम ब्रासमध्ये बोलतात. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांचा भर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर किती वाळू होती, किती परत आली, यावर आहे. पात्रातल्या चालत्या वाळूसाठी हा विचार ठीक. पण काठाची धस म्हणजे पात्र नव्हे. कॅलक्रीटने बांधलेला गोट्यांचा थर, त्यावरची पिवळसर पोयट्याची भिंत आणि मधली राख यांचे पुनर्भरण कोणत्याही पावसाळ्यात होणार नाही. तरीही विटांना माती, भरावाला मुरूम, पात्र रुंद करायला काठ, अशा प्रत्येक कामासाठी ही भिंत फक्त घनमापाचा आकडा असते. तहसीलदार काय, तलाठी काय, त्यांना दिलेल्या तक्त्यात ‘पुन्हा न होणारा थर’ असा रकानाच नाही. पुरातत्त्वाच्या कायद्याला आधी अधिसूचित स्थळ लागते. भूवारसा स्थळांच्या कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये चर्चेसाठी ठेवला, पण मसुद्याने पोकलेन थांबत नाही. लोणारला राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा मान आहे, कारण लोणार डोळ्यांत भरते. पांढुरक्या राखेची एक पट्टी कोणाच्या नजरेत भरणार? ती ओळखणारी माणसे आपणच आहोत.

शेतकऱ्याच्या पाण्यापेक्षा आणि गरिबाच्या घरापेक्षा राख मोठी का, असे विचारले जाईल. प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आकारात आहे. कऱ्हा पुरंदरमधून निघून सोनगावजवळ नीरेला मिळते. एवढ्या लांबीत अभ्यासासाठी राखून ठेवावा असा काठ काही ठिकाणी, काही मीटरच निघेल. त्याने कोणाचे घर अडत नाही, कोणाची विहीर आटत नाही. उलट कृत्रिम वाळूला शासन सवलत देत असताना काठ कुरतडण्याची गरज कमीच झाली पाहिजे. दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे: जागा जाहीर केली की हत्यारे उचलणारे आणि नमुन्याच्या नावाखाली खोदणारे येतील. ही भीती खरी आहे, पण गुप्त ठेवलेली जागा जेसीबीलाही गुप्तच राहते. गाव, गट नंबर आणि काठाची लांबी अहवालात गेली, तर निदान लिलावाच्या नकाशावरून तो तुकडा वगळण्यासाठी आधार मिळतो. शिवाय ज्या गावात मयूरेश्वरासाठी वर्षभर भाविकांची ये-जा असते, तिथल्या ग्रामपंचायतीला आपल्या नदीकाठची दुसरी ख्याती समजावून सांगणे अवघड नाही. कोणीतरी जाऊन सांगायला हवे.

आणि इथे आम्हाला आपल्याच भूशास्त्रज्ञ सदस्यांवर रागावण्याचा हक्क आहे. त्याच 2016 च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा मसुदा लोकांसमोर 21 दिवस ठेवावा लागतो, आलेल्या सूचनांचा विचार करावा लागतो आणि अहवाल दर पाच वर्षांनी अद्ययावत करावा लागतो. एवढी उघडी खिडकी दुसऱ्या कोणत्या कायद्याने आपल्याला दिली आहे? या 21 दिवसांत क्वाटर्नरीवर पीएच.डी. मिळवलेले किती जण जिल्हाधिकारी कार्यालयाला एक पान लिहितात? सल्लागार म्हणून जे स्वतःच हा अहवाल तयार करतात, ते मागच्या अहवालातला परिच्छेद जसाच्या तसा उचलतात. महाविद्यालयांचे विभाग मुलांना सहलीला नेतात, फोटो काढतात, पण मोजपट्टी लावून काढलेला लॉग कोणाच्याही दप्तरी पोहोचवत नाहीत. खनिकर्म अधिकाऱ्याला राख माहीत नाही, ही तक्रार आपण कोणत्या तोंडाने करणार? त्याला ती सांगितली कोणी?

तेव्हा कऱ्हा, कुकडी, घोड, नीरा, भीमा यांच्या काठी काम करणाऱ्या प्रत्येकाने पुढचा मसुदा निघण्याआधी एवढे करावे. आपल्या माहितीतल्या प्रत्येक सेक्शनचे अक्षांश-रेखांश, गट नंबर, थरांची जाडी दाखवणारा लॉग, मोजपट्टीसह फोटो आणि राखेच्या खालच्या-वरच्या सांध्याचे वर्णन एका पानावर उतरवावे. मसुदा जाहीर होताच ते पान पोच घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावे आणि एक प्रत भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला पाठवावी. ज्यांच्या सहीने अहवाल निघणार आहे त्यांनी भूशास्त्राच्या प्रकरणात ‘गाळ’ लिहून थांबू नये. थरांची नावे, जागा आणि ‘उत्खननातून वगळावे’ ही शिफारस स्पष्ट लिहावी. तसा अहवाल लिहायला एक दिवस जास्त लागेल आणि त्याचे वेगळे मानधन मिळणार नाही. पोच मिळालेली पाने आमच्याकडे पाठवा, जिल्हावार छापू. ज्या सूचनांना उत्तर आले नाही, त्यांची यादी तारखेसह स्वतंत्र देऊ.