आजोबांची काठी आणि माझा सरफेस फिनिश

सुरुवातीलाच एक प्रश्न. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात एखादी मोडकी वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आहे? मोबाईल रिस्टार्ट करणं धरायचं नाही! २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा तरी सुरू झाली. अक्कल मात्र आपली आपणच आणायची, आणि ती आपल्याकडे (निदान माझ्याकडे) किती कमी आहे हे मला मे महिन्याच्या सुट्टीत एका काठीने शिकवलं.

माझं आजोळ जयगडच्या खाडीजवळ. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याला गरवणं. आजोबा आयुष्यभर गरवत आले. त्यांची काठी फायबर ग्लासची, साडेसहा फुटी, दोन तुकड्यांत जोडायची. मोठे मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी १९८४ मध्ये सिंगापूरहून आणलेली. गेली चार-पाच वर्षं ती माळ्यावर पडून होती. मूठ काळी पडलेली, बुडाकडचं बूच उंदरांनी कुरतडलेलं आणि रीळ बसवायची चकती गंजून घट्ट झालेली. मी शहरातल्या एका दुकानात दाखवली. तो म्हणाला, “फेकून दे. नवीन फोमच्या मुठीची घे, हलकी पण असते.” मेकॅनिकलच्या थर्ड इयरच्या पोराला असं सांगितल्यावर तो इरेला पेटणारच की!

मूठ बुचाची होती. हे बूच म्हणजे ज्याची लांब दांड्यांची पांढरी सुवासिक फुलं आपल्याकडे रस्त्यावर पडतात त्या बुचाच्या झाडाचं नव्हे. हे कॉर्क ओक नावाच्या झाडाच्या सालीचं. जगातलं साधारण निम्मं एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड पंचवीसेक वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी. झाड तोडत नाहीत. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने याच बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्या खोक्यांना ‘सेल’ असं नाव दिलं. हो, तोच हूक, स्ट्रेस-स्ट्रेनवाला! आणि एसओएमच्या व्हायवात कामाला येईल अशी गोष्ट म्हणजे बुचाचा पॉयसन्स रेशो जवळजवळ शून्य. रबर दाबलं की बाजूला फुगतं, बूच फुगत नाही. म्हणून तर ते बाटलीच्या तोंडात सरळ आत जातं. वर उष्णता फारशी वाहत नाही, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात मूठ हाताला थंड लागत नाही आणि ओल्या हातातूनही सहसा निसटत नाही. हे सगळं मी वाचलं होतं. पाठ होतं म्हटलं तरी चालेल.

काम मन लावून केलं. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन मूठ घासली, काळ्याची तपकिरी झाली, मग दोन दिवस सावलीत वाळवली. रिळाच्या चकतीवर ॲल्युमिनियमची पांढरी पूड साचली होती. पाना लावला असता तर आटे गेले असते. गरम पाण्याचं फडकं, थोडं तेल, पुन्हा फडकं असं करत संध्याकाळपर्यंत ती रबराच्या तुकड्याने हाताने फिरली. (त्या क्षणी मी जे ओरडलो ते इथे छापता येणार नाही.) कुरतडलेल्या तीन चकत्या कापून काढल्या. नवीन बूच आणायचं कुठून? केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जुनी मोठी बुचं पडून होती, ती विचारून आणली होती. त्यांना भोक पाडताना दोन फाटली, तेव्हा कळलं की भोक आधी लहान पाडायचं आणि मग गोल कानशीने वाढवायचं. नवीन चकत्या बुडाकडून सरकवल्या, अराल्डाइट लावलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून रात्रभर ठेवल्या. बाकी मुठीवर सगळीकडे खड्डे होते. ते बुचाचा भुसा वॉटरप्रूफ गोंदात कालवून भरले. मग बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी पॉलिश पेपरची पट्टी ओढत राहिलो. आधी १२० नंबर, मग २४०, मग ४००.

वरच्या भागात, जिथे अंगठा येतो तिथे, एक मोठा खोलगट भाग होता. व्हर्नियर लावला, अडीच मिलिमीटर खोल. तोही भरला. मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत २८ मिलिमीटर झाली आणि वरून चकचकीत वार्निशचे दोन हात दिले. वर्कशॉपच्या जॉबला असा फिनिश दिला असता तर पैकीच्या पैकी मार्क!

दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांबरोबर खडपावर गेलो. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, बोटं सांधेवाताने ताठरलेली. त्यांनी काठी हातात घेतली, अंगठा वर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. गरी फेकायला काठी मागे घेतली तर रिळाच्या वजनाने ती हातातच फिरली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा लाटेचं पाणी हातावर आलं आणि काठी जवळजवळ निसटलीच. ते म्हणाले, “फिरते रे ही.” बस, एवढंच. काठी माझ्याकडे दिली आणि दगडावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी गरवलं नाही.

मी ज्याला डिफेक्ट म्हणून भरलं होतं तो खड्डा चाळीस वर्षांत त्यांच्या अंगठ्याने पाडला होता. गोल मूठ हातात फिरू नये म्हणून जी अडण लागते ती तीच होती, आणि बोटांतला जोर गेल्यावर तिची गरज उलट वाढली होती. वरून वार्निश लावून मी बुचाचा सगळा गुणच झाकून टाकला. पॉयसन्स रेशो पाठ असणाऱ्याने!

माझं म्हणणं असं की आपल्या शिक्षणात ‘झीज’ हा शब्द फक्त लॉसच्या खात्यात येतो आणि गुळगुळीत म्हणजे चांगलं हे आपण धरूनच चालतो. खरं तर सिलिंडर लायनरला मुद्दाम क्रॉस-हॅच ओरखडे ठेवतात, तेल टिकावं म्हणून. आजीचा पाटा गुळगुळीत झाला की तिच्या लेखी बिघडला, त्याला टाकी लावून घ्यावी लागते. म्हणजे कुठली झीज बिघाड आणि कुठली सोय, हे वस्तू पाहून ठरत नाही, वापरणाऱ्याला विचारावं लागतं. मी उंदरांनी खाल्लेलं आणि आजोबांनी घडवलेलं एकाच पॉलिश पेपरने सपाट केलं. पंधरा दिवस काम केलं, आजोबा रोज समोर पडवीत बसलेले असायचे, आणि एकदाही मी त्यांच्या हातात मूठ देऊन “कशी वाटते?” असं विचारलं नाही. आश्चर्यच द्यायचं होतं ना! दुकानदाराला मी नावं ठेवली, पण त्याने निदान काठी बिघडवली तरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वार्निश खरवडत बसलो होतो. आजोबा आले, शेजारी बसले आणि म्हणाले, “तो खरखरीत कागद कुठाय?” १२० नंबरचा तुकडा दिला. त्यांनी तो अंगठ्याला गुंडाळला आणि मुठीवर घासायला लागले. माझी लांबी सुटायला लागली, भुसा धोतरावर पडायला लागला. मध्ये थांबायचे, कागद काढून अंगठा टेकवून बघायचे, पुन्हा सुरू.

“बस का?” मी विचारलं.

“धर नीट. अजून थोडं.”

मी दोन्ही हातांनी काठी धरून बसलो. व्हर्नियर बॅगेतच होता.