नशेतून येणारा पैसा उपचाराला लावा : नशिराबादकरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नशिराबाद नगरपरिषद
प्रत : मा. जिल्हाधिकारी, जळगाव

विषय : व्यसनमुक्तीसाठी राखीव निधी व त्याचा जाहीर हिशेब

महोदय,

गावातील पालक, शिक्षक आणि बचत गटांच्या महिला यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत. खान्देशात दारूच्या जोडीला गांजा, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ‘कुत्ता गोली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमच्या गोळ्या आल्या आहेत. छापे पडतात, माल जप्त होतो. पण सवय लागलेल्या पोराच्या उपचाराचा भार त्याच्या घरावरच पडतो.

सरकारी तिजोरीत मात्र नशेचा पैसा येतो. मद्यावरील कर वाढवून वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 10 जून 2025 रोजी घेतला. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम 7-अ नुसार केंद्राचा राष्ट्रीय निधी आहे. तस्करांच्या सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीची रक्कम त्यात जाते. व्यसनींवर उपचार व पुनर्वसन हा त्या निधीचा एक उद्देश आहे.

पैसा आला तरी अट नसेल तर तो भलतीकडे वळतो. अमेरिकेत 1998 मध्ये तंबाखू कंपन्यांनी 46 राज्यांना 25 वर्षांत किमान 206 अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. त्यातला बहुतेक पैसा तंबाखूमुक्तीऐवजी इतर खर्चात गेला. त्यातून शहाणे होऊन औषध कंपन्यांशी झालेल्या 2021 च्या 26 अब्ज डॉलरच्या ओपिऑइड (अफूसदृश औषधे) तडजोडीत किमान 85 टक्के रक्कम ओपिऑइड व्यसनाच्या संकटाच्या निवारणासाठी बांधून घेण्यात आली. आमची मागणीही अशाच बांधलेल्या पैशाची आहे.

मागण्या :

1. दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाचे 5 टक्के राखले जातात, त्याच धर्तीवर नगरपरिषदेने व्यसनमुक्तीसाठी 1 टक्का राखून स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे.

2. मद्यकराच्या जादा उत्पन्नातील 1 टक्का, म्हणजे 140 कोटी रुपये, स्थानिक संस्थांना उपचारासाठी मिळावेत, असा ठराव करून शासनाकडे पाठवावा. राष्ट्रीय निधीसाठी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव द्यावा.

3. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा नशिराबादेत तपासणीला यावेत. ओपिऑइडच्या व्यसनींना ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे देखरेखीखाली व मोफत मिळावीत. हे व्यसन पुन्हा उलटू शकते, म्हणून पाठपुरावा करणारा समुपदेशक कायम हवा.

4. या निधीतून वाहने, कॅमेरे, फलक किंवा समारंभ यांवर खर्च होऊ नये. जनजागृतीवर 10 टक्क्यांहून अधिक रक्कम जाऊ नये.

5. देखरेख समितीत डॉक्टर व शिक्षकांबरोबर व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्ती आणि व्यसनींच्या कुटुंबातील महिला असाव्यात. दर तिमाहीचा हिशेब नगरपरिषदेच्या सूचनाफलकावर लावावा.

6. रुग्णांची नावे गुप्त राहावीत. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असल्यास एनडीपीएस कायद्याचे कलम 64-अ खटल्यापासून संरक्षण देते. ही माहिती घरोघरी पोहोचवावी. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन शाळा व औषध दुकानांत ठळक लावावी.

येत्या अर्थसंकल्पापूर्वी या मागण्यांवर विशेष सभा घ्यावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. रुग्णांना दवाखान्यापर्यंत नेण्याचे व कुटुंबांना धीर देण्याचे काम आमचे सभासद विनामोबदला करतील.

आपले विनीत,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद, नशिराबाद