विद्यापीठ दारात आलं, पण सांगितलं कुणी?

मैत्रिणींनो, ‘बहिःशाल’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलाय? मी आमच्या भिशीत, बचत गटाच्या बैठकीत आणि शेजारीपाजारी सहज विचारून बघितलं. बहुतेकींना तो ‘बहिःस्थ’ वाटला. ‘म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देतात, तेच ना?’ एकीने तर हसत विचारलं, ‘थंडीत पांघरायची का गं ही शाल?’ आम्ही सगळ्याच हसलो. पण नंतर मनात आलं, जे शिक्षण खास आपल्यासारख्यांसाठी आहे, त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसावं, हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

बहिःशाल म्हणजे कॉलेजच्या भिंतीबाहेर असलेल्यांसाठी विद्यापीठाने चालवलेलं शिक्षण. व्याख्यानं, शिबिरं, छोटे छोटे अभ्यासक्रम. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं आणि बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्याच नावाची व्याख्यानमाला विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत गावोगावच्या महाविद्यालयांत होत आली आहे. मुंबई विद्यापीठातही असा विभाग उभा राहिला. काही ठिकाणी याच कामाला ‘आजीवन अध्ययन आणि विस्तार’ म्हणतात. आता ‘विस्तार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंचायत समितीतले विस्तार अधिकारी येतात, त्याला कोण काय करणार! पण २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही या कामासाठी स्वतंत्र मंडळ ठेवलेलं आहे. म्हणजे ही काही कुणाची मेहेरबानी नाही, विद्यापीठाचं ते कामच आहे.

आणि गंमत माहितेय? या सगळ्याची सुरुवात बायकांच्या मागणीतून झाली. १८६७ साली उत्तर इंग्लंडमधल्या बायकांनी, त्यात शिकवण्याचं काम करणाऱ्या बऱ्याच होत्या, केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट या तरुण प्राध्यापकाला व्याख्यानांसाठी बोलावलं. विद्यापीठाची दारं तेव्हा बायकांना बंद होती. मग आम्ही येऊ शकत नाही तर तुम्ही या, असा साधा हिशेब. लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफिल्ड अशा गावांत ती व्याख्यानं झाली. पुढे १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे हाती घेतलं आणि तिथून ही पद्धत इतर विद्यापीठांत पसरली.

पण पैशाचं रडगाणंही तेव्हापासूनचंच. खर्च गावातल्या समित्यांनी गोळा करायचा, असा रिवाज होता. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड भागात कोळसा खाणीतले कामगार दिवसभर राबून संध्याकाळी अशा वर्गांना येत. १८८७ साली तिथे मोठा संप झाला, कामगारांच्या हातचा पैसा गेला आणि भरात आलेले वर्ग बंद पडले. शिकायची हौस होती, शिकवणारे होते, फक्त फी भरायला पैसे नव्हते. जे शिकणाऱ्याच्या खिशावर उभं असतं, ते खिसा फाटला की कोसळतं. हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं शहाणपण आपण अजून विसरतोच आहोत.

आपल्याकडे काय झालं? १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने ‘विस्तार’ ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली. पंगतीत तिसरं पान मांडलं गेलं खरं, पण वाढप करताना वरण पहिल्या दोन पानांवरच संपायला लागलं. विद्यापीठाकडे पैसा कमी पडला की आधी कात्री कुठे लागते? परीक्षा पुढे ढकलता येत नाही, इमारतीचं बिल थांबवता येत नाही. मग व्याख्यानं कमी होतात. व्याख्याने कमी झाली म्हणून कुणी मोर्चा काढत नाही ना!

साक्षरतेचंच उदाहरण घ्या. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आहे. तरतूद १०३७.९० कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट पाच कोटी प्रौढांना साक्षर करण्याचं. आकडा मोठा वाटतो, पण भागाकार करून बघा. माणशी साधारण २०७ रुपये! एवढ्यात आजकाल साधा ब्लाउज शिवून मिळणंही मुश्कील. बाकीचा भार स्वयंसेवकांवर. शिकवणाऱ्याने सेवा म्हणून शिकवावं, हे ठीक. पण सेवेलाही एसटीचं भाडं लागतं, वही लागते, खडू लागतो.

दुसरीकडे मुलींच्या उच्च शिक्षणासाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चांगला निर्णय घेतला. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. त्याचं स्वागतच आहे. पण पस्तिशीतली, दोन मुलांची आई असलेली, दहावीनंतर लग्न झालेली बाई त्यात कुठे बसते? तिला इंजिनिअर व्हायचं नाहीये. तिला हिशेब लिहायला, पापडाच्या धंद्याचा परवाना काढायला, बँकेचा कागद वाचायला शिकायचंय. तिच्यासाठी जे तीन महिन्यांचे अभ्यासक्रम असतात, ते बहुतेक ‘स्वखर्चाने’. म्हणजे फी जमली तर वर्ग, नाही तर नाही. पुन्हा तेच नॉर्थम्बरलँड.

हे झालं पैशाचं. आता दुसरं दुखणं, आणि मला ते जास्त जिव्हारी लागतं.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षांपूर्वी अशाच व्याख्यानमालेत बायकांचे मालमत्तेचे हक्क या विषयावर व्याख्यान झालं. मला कळलं ते पेपरात छोटी बातमी आली तेव्हा, म्हणजे होऊन गेल्यावर. वेळ होती सकाळी अकराची. सूचना लावली होती कॉलेजच्या आतल्या काचेच्या फळ्यावर. समोर बसलेली कॉलेजचीच मुलं, तीही हजेरीसाठी. आणि त्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या एकीने भावांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही केली. ‘सगळ्याच बहिणी करतात की,’ म्हणाली. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कदाचित कळल्यावरही तिने सही केली असती. माहेर तुटायला नको, असं वाटणं आपल्याला काही नवं नाही. पण तो निर्णय तिने जाणून घेतला असता. ते सांगणारी व्यक्ती तिच्या घरापासून दहा मिनिटांवर उभी राहून रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होती!

आता बघा, मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आठवड्याभरात आडगावच्या आजीलाही ते पाठ होतं. कारण कंडक्टरने सांगितलं, स्टँडवर फलक लागले, बाजारात चर्चा झाली. म्हणजे सांगायचंच ठरवलं तर सरकारला सांगता येतं. विद्यापीठाला मात्र काचेच्या फळ्यापलीकडे जायचं सुचत नाही.

यातून एक दुष्टचक्र तयार होतं. माहिती नाही म्हणून बायका येत नाहीत. बायका येत नाहीत म्हणून अहवालात ‘अल्प प्रतिसाद’ लिहिलं जातं. अल्प प्रतिसाद म्हणून पुढच्या वर्षी पैसे कमी मिळतात. पैसे कमी म्हणून जाहिरात नाही. आणि शेवटी खापर कुणावर? ‘बायकांनाच शिकायची आवड नाही हो!’ आडात पाणी आहे, पण पोहऱ्याला दोरच बांधला नाही, तर तहानलेल्याला नावं ठेवून काय उपयोग?

काही जणी म्हणतील, आता मोबाईलवर सगळं मिळतं की, व्याख्यानाला कशाला जायचं? मिळतं, खरंच मिळतं. पण त्यात खरं काय, खोटं काय, हे कोण सांगणार? मोबाईलला उलटा प्रश्न विचारला तर तो आपल्या सातबाऱ्याकडे बघून उत्तर देत नाही. शिवाय चार जणींनी एकत्र बसून ऐकण्यात जो धीर येतो, तो एकटीने स्क्रीनकडे बघून येत नाही.

धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांच्यामागे सरकार नव्हतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला तर १९५१ साल उजाडलं. मधल्या काळात अण्णा लोकांपुढे जात राहिले. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते परदेश दौऱ्यावर निघाले आणि तिथेही आपल्या कामाची माहिती सांगत, निधी गोळा करत फिरले. आधी काम लोकांना समजावून सांगायचं, मग पैसा मागायचा, हा त्यांचा क्रम. आज विद्यापीठांकडे इमारती आहेत, गाड्या आहेत, प्रसिद्धी विभाग आहेत. नाही ती ही पायपीट.

याचा अर्थ सगळं आपणच वर्गणी काढून करावं, असं मी मुळीच म्हणत नाही. हा पैसा सार्वजनिकच हवा आणि ठरलेला हवा. उरलासुरला नको. पण चक्राचं एक टोक आपल्या हातात आहे, ते मागणीचं. जवळच्या कॉलेजात चार-पाच जणी मिळून जा. यंदा बहिःशालची किंवा विस्ताराची कोणती व्याख्यानं आहेत, हे प्राचार्यांना विचारा. दुपारी दोन ते चारची वेळ मागा. विषय तुम्ही सुचवा. सूचना अंगणवाडीत, रेशन दुकानात, दवाखान्यात लावायला सांगा. आशाताईंच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही स्वतः टाका. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटतो, त्याच दिवशी एक तास एखादं व्याख्यान ठेवायला काय हरकत आहे? आणि गेलात की हजेरीच्या वहीत नाव लिहायला विसरू नका. पुढच्या वर्षीचा पैसा त्या वहीवरून ठरतो.

ज्या पदवीधर आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात, त्यात एक जागा महिलेची राखीव आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प याच अधिसभेपुढे येतो. पण मत द्यायचं तर नोंदणी करावी लागते. आपल्यापैकी कितीजणींनी ती केलीय? पदवीचा कागद कपाटात साड्यांखाली ठेवलेला असेल, तो काढा. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढंच विचारा, ‘आमच्या गावात व्याख्यानं किती देणार, आणि आम्हाला कळवणार कसं?’

दीडशे वर्षांपूर्वी त्या बायकांनी मागितलं, म्हणून विद्यापीठ उंबऱ्याबाहेर पडलं. मागितल्याशिवाय ते आपल्याही गावात यायचं नाही. येत्या महिन्यात एकदा कॉलेजची पायरी चढून तर बघा. तिथे काय उत्तर मिळालं, ते मला जरूर कळवा.