दूरच्या विधी स्वयंसेवकाला पाठबळ हवे

मध्य प्रदेशातील बालाघाट हा एकच जिल्हा क्षेत्रफळाने गोव्याच्या सुमारे अडीचपट आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, तर बालाघाटचे ९,२२९. २०११च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १७ लाखांवर, म्हणजे तीही आपल्याहून अधिक. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा निर्माण झाला. हिंदीबरोबरच पोवारी, गोंडी आणि मराठीही तेथे कानी पडते. एवढ्या विस्ताराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मात्र एकच. मग बैहरच्या जंगलपट्ट्यातील बैगा वस्तीवर मोफत कायदेशीर मदत पोहोचते ती कोणाच्या पायांनी?

उत्तर आहे, विधी स्वयंसेवकांच्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला. कार्यालय आणि गाव यांतील अंतर कमी करण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, बचत गटातील महिला अशी माणसे त्यासाठी निवडायची, प्रशिक्षण द्यायचे आणि गावांत पाठवायचे. २०१७मध्ये टेली-लॉ आले. गावच्या सामायिक सेवा केंद्रातून दूर बसलेल्या वकिलाचा सल्ला घेण्याची सोय झाली. अर्थात, वकीलही दूर आणि स्वयंसेवकही दूर.

प्रश्न उभा राहतो तो या दूरच्या मनुष्यबळाच्या व्यवस्थापनाचा. स्वयंसेवक पगारी नोकर नव्हे. त्याला कामाच्या दिवसांपुरते मानधन मिळते. त्याने रोजच्या कामाची नोंदवही ठेवायची आणि प्राधिकरणाच्या सचिवांनी ती तपासायची, अशी रीत आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच, त्यामुळे नोंदवहीला आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु किती गावे फिरलात, किती शिबिरे घेतलीत, एवढेच तीत उमटते. स्वयंसेवक कोठे अडला, हे उमटत नाही.

आणि तो अडतो ते नेमक्या नाजूक ठिकाणी. लांजी तालुका गोंदियाला लागून आहे. तेथील मुलगी सीमेपलीकडे सासरी गेली आणि पोटगीसाठी माहेरी परतली, तर अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा? एका बाजूचे कागद हिंदीत, दुसऱ्या बाजूचे मराठीत. वनहक्काचा दावा फेटाळला गेला, तर अपील किती दिवसांत? चार दिवसांच्या प्रशिक्षणावर याची उत्तरे देता येत नाहीत. चुकीचे उत्तर दिले तर मुदत टळते आणि नुकसान होते ते विश्वासाने आलेल्या माणसाचे. शिवाय स्वयंसेवक त्याच गावात राहतो. घरगुती हिंसाचाराची तक्रार लिहून देणाऱ्या सेविकेला दुसऱ्या दिवशी त्याच घरासमोरून जावे लागते. तिच्या सुरक्षिततेचा आणि मनावरील ताणाचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

म्हणून देखरेखीचे स्वरूप बदलायला हवे. आठवड्यातील एक ठरलेला तास पॅनेलवरील वकिलाने केवळ स्वयंसेवकांच्या दूरध्वनीसाठी राखून ठेवावा; त्या तासाचे मानधन वकिलालाही मिळावे. विधी साहाय्याच्या अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा, असे २०१०चे विनियम सांगतात. तो निर्णय अर्जदाराबरोबर अर्ज लिहिणाऱ्या स्वयंसेवकालाही कळवावा. "माझ्या कागदाचे काय झाले?" हा प्रश्न गावात त्यालाच विचारला जातो. दोन-तीनदा निरुत्तर झालेल्या माणसाकडे लोक पुन्हा फिरकत नाहीत. संवेदनशील प्रकरणात दोघांनी मिळून जावे आणि प्रवासखर्च महिनोन्महिने थकू नये. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत नोंदवह्यांच्या तपासणीआधी अडचणींना स्थान दिले तरी सुरुवात होईल.

गोव्यात अंतरे लहान आहेत, हा दिलासा अर्धाच खरा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा वा काणकोणच्या आतल्या वाड्यांवरील गावडा, कुणबी, वेळीप कुटुंबांसाठी पणजी किंवा मडगावची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. वनहक्कांचे दावे, मुंडकारांचे प्रश्न येथेही कागदाशी आणि मुदतीशी बांधलेले आहेत. तेथे काम करणाऱ्या स्वयंसेवकाला संध्याकाळी अडचण आली, तर तो कोणाला फोन करतो आणि तो फोन उचलला जातो का, हे आपल्या प्राधिकरणांनी एकदा त्यालाच विचारून पाहावे. मोफत विधी सेवेचा हक्क त्या वाडीपर्यंत पोहोचला की नाही, याचा खरा अंदाज त्या उत्तरातूनच येईल.