सुईची ओढ गावाला लावली कुणी?

१/ सोलापूर जिल्ह्यातील ग्रामीण आरोग्याची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘खेड्यातल्या माणसाला सुई टोचल्याशिवाय बरेच वाटत नाही.’ हेपटायटिस सी हा यकृताचा आजार दूषित सुईतून पसरतो; तेव्हा दोष अडाणी रुग्णाचा आणि त्याला सुई मारणाऱ्या बोगस डॉक्टरचा, असा हा सोयीचा हिशेब. इतिहासापुढे तो टिकत नाही.

२/ सुईची ओढ उपजत नव्हती. उलट भीतीच होती. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक टोचणाऱ्यांना टाळत राहिले.

३/ ती भीती निव्वळ खुळी नव्हती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर फुटले परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर. पुढे उजेडात आले ते असे : गावातच एका सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले गेले होते. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. साधन अस्वच्छ, आरोपी मात्र सोयीचा. हा नमुना ध्यानात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे.

४/ मग भीतीची ओढ झाली कशी? उत्तर सोलापूर जिल्ह्यातच आहे. पंढरपूरच्या वारीत पटकीची साथ फैलावू नये म्हणून वारकऱ्यांना लस टोचण्याच्या सरकारी मोहिमा झाल्या. विठ्ठलाच्या वाटेवर दंड पुढे करणे हा यात्रेचाच एक विधी होऊन बसला. सुई म्हणजे सरकारमान्य रक्षण, हा धडा शेतकऱ्याला सरकारनेच दिला.

५/ त्यावर कळस चढवला पेनिसिलीनने. १९५५ पासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते तयार होऊ लागले. ज्या तापाने, ज्या चिघळलेल्या जखमेने पूर्वी माणूस दगावे, तो सुईने उठून बसू लागला. ज्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिले, तिने सुईवर विश्वास ठेवला. याला अंधश्रद्धा म्हणणे हा त्या पिढीच्या अनुभवाचा अपमान आहे.

६/ आता सिरिंजीकडे पाहू. ती काचेची, उकळायची आणि पुन्हा वापरायची. मोठ्या मोहिमांत तर एकाच सिरिंजीत अनेकांपुरते औषध भरून केवळ सुई बदलण्याची पद्धत जगभर रूढ होती. याने कावीळ पसरते, असा इशारा ब्रिटनमधील तज्ज्ञांनी १९४५ मध्येच दिला होता. म्हणजे हे ‘तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हते’ असे नाही.

७/ ज्याची कल्पना नव्हती तो हेपटायटिस सीचा विषाणू. तो १९८९ मध्ये ओळखला गेला. तो फसवा आहे : बहुतेकदा ना ताप, ना पिवळे डोळे. त्यामुळे काविळीची माळ घालायलाही कुणी जात नाही. वीसेक वर्षांनी पोटात पाणी होते, तोवर ती सुई कुणाच्या स्मरणातही नसते. सिरिंजीत उरलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे तग धरू शकतो, हे प्रयोगांतून दिसले आहे.

८/ इजिप्तचे उदाहरण सर्वांत बोलके. तेथे नाईलकाठच्या शेतकऱ्यांना एका परजीवी कृमीचा आजार होई. त्यावर सरकारने १९५० च्या दशकापासून तीनेक दशके शिरेतून औषध देण्याची मोहीम चालवली. अपुऱ्या उकळलेल्या काचेच्या सिरिंजांनी एका पिढीत हेपटायटिस सी पेरला आणि इजिप्त जगातील सर्वाधिक बाधित देशांपैकी एक ठरला. तेथे बोगस डॉक्टर कोण होता?

९/ आपल्याकडे २००४ च्या सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष : वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने आणि त्यांतील जवळजवळ ६३ टक्के असुरक्षित. सरकारी दवाखाने यात खासगी दवाखान्यांहून उजवे नव्हते. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे पुन्हा वापरलेल्या सिरिंजांतून हेपटायटिस बी पसरून डझनावारी माणसे मेली. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत पदवीधर डॉक्टरही होते. बोगस डॉक्टरवर कारवाई अवश्य व्हावी, १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम त्यासाठीच आहे. पण भिंतीवर पदवी टांगल्याने सिरिंज निर्जंतुक होत नाही.

१०/ आणि रुग्ण सुई का मागतो? सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी नगावर ठरते. ऊसतोड मजुराचा आजारपणाचा दिवस बुडीत खात्यात जातो. उद्या कामावर उभे राहायचे आहे, म्हणून आज सुई. हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. त्यातला धोका मात्र त्याला कुणी सांगितलेला नाही.

११/ उपाय गूढ नाही. एकदा दट्ट्या दाबला की पुन्हा मागे ओढता येत नाही, अशी सिरिंज बाळांच्या सरकारी लसीकरणात कधीच रुळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही अशाच सुरक्षित सिरिंजांचा आग्रह धरला. जी काळजी बाळाच्या दंडाची घेतली जाते, ती त्याच्या आजीच्या दंडाची का नाही? खासगी दवाखान्यासह प्रत्येक ठिकाणी हीच सिरिंज सक्तीची करण्यात अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

१२/ २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिस सीची तपासणी व उपचार मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे वाटते. गोळ्यांनी, सुईने नव्हे. फक्त ती तपासणी करमाळ्याच्या, सांगोल्याच्या, अक्कलकोटच्या आठवडी बाजारात जाऊन बसली पाहिजे. वारीच्या वाटेवर लस घेऊन उभे राहणे सरकारला जमले होते.